सतरा नंबरचा खिळा

करीम शिकलगार कृष्णातवर जळायचा. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढं त्यानं जे केलं त्याला लोक भलतीच चांगली नावं देतील. जळायचा म्हणजे थोडाथोडका नव्हे. सकाळी स्टुडिओचं शटर वर करताना जी जळजळ सुरू व्हायची, ती शटर खाली ओढेपर्यंत पोटात असायची. अ‍ॅसिडिटीच्या गोळीनं काही ती जायची नाही.

आणि जळायचं तरी कुणावर? एखाद्या मोठ्या कॅमेरावाल्यावर जळला असता तर एक वेळ समजलं असतं. ड्रोन उडवून लग्नं काढणारे, कागलच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांची चकचकीत कॅलेंडरं करणारे, असे कितीतरी जण करीमच्या डोळ्यांदेखत मोठे झाले. त्यांच्याबद्दल त्याला काही वाटलं नाही. धंदा करतात, करू देत बापडे. पण कृष्णात होता म्हशीवाला. शुक्रवार पेठेतला, पंचेचाळिशीचा गडी. रोज संध्याकाळी दोन म्हशी घेऊन गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर उभा राहायचा. गिऱ्हाईक समोर, त्याच्या देखत धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा. पिणाऱ्याच्या ओठांवर पांढरी मिशी उमटते न उमटते तोवर हा पठ्ठ्या खिशातला मोबाईल काढून फोटो घ्यायचा. मग एखादा प्रश्न विचारायचा, आणि मिळालेलं उत्तर चार ओळींत लिहून फोटोसकट मोबाईलवर टाकून द्यायचा. नाव दिलं होतं 'कट्ट्यावरची माणसं'. तीन वर्षांत अर्धं कोल्हापूर ते बघायला लागलं.

करीमही बघायचा. काउंटरखाली मोबाईल धरून, चष्मा नाकावर ओढून, कुणी दारात आलं की पटकन पालथा घालायचा. एकदा त्यात केरबा आला. मार्केट यार्डातला हमाल, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, हातात पेला. खाली कृष्णातनं लिहिलेलं: 'केरबा. चाळीस वर्षं गुळाचे रवे उचलतोय. घरात चहा बिनसाखरेचा पितोय. म्हणतोय, दिवसभर गोड अंगावर असतंय की, पोटात कशाला पायजे.'

करीमनं ते तीनदा वाचलं. फोटो तिरका होता, मागून प्रकाश आलेला, कपाळाचा वरचा भाग कापला गेलेला. करीमकडे कुणी असा फोटो आणला असता तर त्यानं परत पाठवला असता. तरी केरबा त्यात जिवंत होता. आणि हाच केरबा दोन महिन्यांपूर्वी करीमच्या स्टुडिओत येऊन ओळखपत्रासाठी फोटो काढून गेला होता. तेव्हा करीमला काय दिसलं? तर कॉलर मळकी आहे. त्यानं स्टुडिओतला काळा कोट केरबाच्या अंगावर चढवला, मान सरळ करायला लावली आणि म्हणाला, "तोंड मिटा. हलू नका."

पस्तीस वर्षं हेच. पापाच्या तिकटीजवळच्या त्या दहा बाय बाराच्या स्टुडिओत निळ्या पडद्यापुढं अर्धी पेठ तोंड मिटून बसून गेली होती. दहावीची पोरं, लग्नाच्या मुली, पेन्शनवाले म्हातारे. माणूस स्टुलावर बसला की करीमच्या तोंडातून ती दोन वाक्यं आपोआप बाहेर पडायची.

पण करीमला नुसता पोटापाण्याचा फोटोवाला समजाल तर चुकाल. त्याला खरं वेड होतं गोष्टीचं. फोटोनं गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर तो नुसता शिक्का, असं तो तरुणपणापासून मानायचा. पासपोर्ट फोटोंच्या मिळकतीतून रोल विकत घ्यायचा आणि रविवारी कॅमेरा घेऊन हिंडायचा. चपला करणाऱ्या एका म्हाताऱ्याचे त्यानं अकरा फोटो काढले होते. पहिल्यात कमावलेलं कातडं, मग भिजवणं, कापणं, वेणी घालणं, आणि अकराव्यात ती चप्पल घालून उन्हात चाललेला कुणाचा तरी पाय. महापुराच्या वर्षी घराच्या पत्र्यावर बसून राहिलेल्या एका बाईचे सात. असे फोटो कागदाच्या रिकाम्या डब्यांतून स्टुडिओच्या माळ्यावर ठेवलेले होते. एकूण चौदा डबे. लोकांना कधी दाखवले नाहीत. का, तर प्रत्येक गोष्टीत त्याला एखादा फोटो कमी वाटायचा. तेवढा मिळू दे, मग दाखवू. असं करता करता केस पांढरे झाले.

दाखवले ते एकाच माणसाला. सुलतानबीला, म्हणजे बायकोला. रविवारी दुपारी जेवणं झाली की तो पलंगावर फोटो ओळीनं मांडायचा आणि ती कडेला उभी राहून गोष्ट सांगायची. मुद्दाम चुकीची सांगायची. मधलाच एक उचलून पहिल्या जागी ठेवायची आणि म्हणायची, "आता बघ, म्हातारा चप्पल करत नाही, हरवलेली शोधतोय." करीम चिडायचा, मग हसायचा, आणि कितीदा तरी तिचीच ओळ बरोबर निघायची. दोन वर्षांपूर्वी ती गेली. काविळीचं निमित्त झालं आणि पंधरा दिवसांत आटोपलं. तेव्हापासून डबे माळ्यावरून खाली आले नाहीत.

सुलतानबीचे स्वतःचे फोटो करीमकडे ढीगभर होते, आणि एकाही फोटोत तिचं तोंड उघडं नव्हतं. त्याचंही कारण होतं. लग्न झालं त्या वर्षी तो तिला मित्राच्या उसन्या स्कूटरवरून पन्हाळ्याला घेऊन गेला. घाटात वळणावर जोतिबाच्या डोंगरावर ढगातून उन्हाचा एक पट्टा उतरला होता. हा शहाणा तिकडं बघत बसला आणि गाडी घातली चरात. त्याला खरचटलं सुद्धा नाही. सुलतानबीचा पुढचा दात मधोमध तुटला. तिनं रुमाल तोंडाला लावला आणि पहिलं काय विचारलं, तर "कॅमेरा वाचला का?"

तेव्हापासून तो अर्धा दात दिसला की करीमच्या काळजात काहीतरी व्हायचं. त्यानं ते कधी बोलून दाखवलं नाही. फोटो काढताना मात्र म्हणायचा, "सुलतान, तोंड मिट." ती मिटायची. पुढं पुढं सांगायची गरजही राहिली नाही. त्यानं कॅमेरा उचलला की तिचे ओठ मिटलेच. बिचारीला दाताची लाज वाटते, असं करीमनं धरून चाललं होतं.

तर अशा या माणसाच्या पोटात कृष्णातनं आग लावून दिली होती. त्यात तेल ओतलं पोटच्या पोरीनं. मेहक आजऱ्याला दिलेली, काजूच्या कारखान्यात हिशेबनीस होती. एका सकाळी तिचा फोन आला.

"अब्बा, कृष्णातकाकांचा कालचा फोटो बघितला का? आमच्या कारखान्यातल्या सगळ्या बायका रडल्या."

"नाही बघितला," करीम म्हणाला. बघितला होता. दोनदा.

"काय डोळा आहे हो त्यांचा. शिकले नाहीत, काही नाहीत."

करीमनं गिऱ्हाईक आल्याचं सांगून फोन ठेवला. स्टुडिओत कुणी नव्हतं. जन्मापासून पोरगी बापाच्या स्टुडिओत वाढली, कधी म्हणाली का, अब्बा काय तुमचा डोळा आहे? त्या दिवशी एका म्हातारीचा पेन्शनचा फोटो काढताना तो तिच्यावर खेकसला. ती बिचारी नुसती शिंकली होती.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी हंबीरराव स्टुडिओत आले. हे गल्लीतल्या तालमीचे सेक्रेटरी. निवृत्त ड्रॉइंग मास्तर, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतल्या माणसानं ओ द्यावी.

"करीमभाई, यंदा दिवाळीत तालमीच्या हॉलमधी फोटोचं प्रदर्शन भरवायचं ठरलंय."

करीमच्या हातातली कात्री थांबली. हंबीररावांना माळ्यावरच्या डब्यांचं कुणी सांगितलं? सुलताननं सांगितलं असणार कधीतरी. छातीत एकदम लख्ख झालं. तो उठला, माळ्याकडं हात करून म्हणाला, "सर, बघा, निवडायला जरा वेळ लागंल. चौदा डबे हायत. चपलावाल्यापासून सुरू करू म्हणतो..."

"कसला चपलावाला?" हंबीरराव म्हणाले. "आपल्या कृष्णातचं प्रदर्शन. चोवीस फोटो लावायचेत, मोठे, फ्रेम करून. आणि प्रिंटा तुम्हीच काढायच्या. दुसऱ्याच्या हातात न्हाय देणार मी. तुमच्यासारखा हात हाय कुणाचा कोल्हापुरात?"

करीमचा वर केलेला हात तसाच राहिला. मग त्यानं माळ्यावरचं नसलेलं जाळं झटकल्यासारखं केलं आणि खाली बसला. हंबीररावांच्या काही लक्षात आलं नाही. ते आपले भिंतीची लांबीरुंदी सांगत होते.

नाही म्हणायचं की सरळ. पण नाही कसं म्हणणार? म्हटलं असतं तर पेठेला कळलं असतं की करीमभाईंच्या पोटात दुखतंय. आणि ते पेठेला कळण्यापेक्षा करीमला विष परवडलं असतं.

दुसऱ्या दिवशी कृष्णात स्वतः पेन ड्राइव्ह घेऊन आला. धुतलेला शर्ट, पायात मात्र शेणाच्या चपला, त्या दारातच काढल्या. स्टुलावर बसला नाही, उभाच राहिला.

"नंबर टाकलेत एक ते चोवीस. खालचा मजकूर सर टाईप करून घेणार हायत, त्याची काळजी न्हाय." मग जरा घुटमळला. "करीमभाई, ह्यातला एखादा तुमास्नी नको वाटला तर नका काढू. मी काय इचारणार न्हाय."

नमुना बघा, करीमनं मनात म्हटलं. वर नम्रपणा. "जरा साफसूफ करावं लागंल," तो मोठ्यानं म्हणाला. "मोबाईलचे फोटो. लई घाण येत्यात."

"तुमास्नी योग्य वाटंल तसं करा," कृष्णात म्हणाला आणि गेला.

करीम कामाला बसला. पहिलाच केरबा. दात ओठ खाऊन त्यानं तो संगणकावर उघडला आणि 'साफसूफ' सुरू केली. कपाळावरचा घाम पुसला. गळ्याच्या शिरा दाबल्या. गालावरचा चामखीळ उडवला. मागची म्हैस आणि तिच्या पलीकडचा रिक्षावाला काढून टाकला आणि निळा पडदा लावला. हात सराईत, अर्ध्या तासात काम फत्ते. मग खुर्ची मागं सरकवून बघितलं. केरबा गेला होता. त्याच्या जागी ओळखपत्रातला तो कोटवाला बसला होता, फक्त हातात पेला घेऊन.

करीमला कळलं. इतकी वर्षं धंद्यात घालवलेल्या माणसाला हे कळतंच. त्यानं सगळं पुसलं आणि मूळ फोटो परत घेतला. मग शिव्या देत देत, पण मन लावून, त्याची प्रिंट काढली. काळं किती काळं ठेवायचं, दुधाचा फेस किती पांढरा, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार होतं? एकापाठोपाठ एक सोळा प्रिंटा निघाल्या. प्रत्येकीबरोबर त्याला अधिकच वाईट वाटत गेलं, कारण प्रत्येक चांगली होती. ह्या माणसाला एकच गोष्ट कळत होती आणि तीच करीमला कळत नव्हती. कृष्णात लोकांना हलू द्यायचा.

सतरा नंबर उघडला आणि करीमचा हात माऊसवरून सुटला.

सुलतानबी होती.

तिचा पदर खांद्यावर घसरलेला. एका हातात दुधाचा पेला. वरच्या ओठावर फेस. डोळे बारीक झालेले, मान मागं टाकलेली, आणि तोंड चांगलं ऐसपैस उघडं. ती हसत होती. तो अर्धा दात सगळ्यांच्या पुढं, ऐटीत.

पहिल्यांदा त्यानं चुका काढल्या. सवयच ती. म्हशीचं शिंग तिच्या खांद्यातून उगवल्यासारखं दिसतंय. क्षितिज तिरकं. डाव्या बाजूला कुणाची तरी अर्धी पिशवी. चुका संपल्या, मग बघायला उरली ती.

सुलतानबी दूध पीत नव्हती. लग्न झाल्यापासून नाही. "मला वास येतो," असं म्हणून तिच्या वाटणीचं दूध आधी मेहकच्या पेल्यात आणि मेहक सासरी गेल्यावर करीमच्या चहात जायचं. आठवड्यातून एकदा ती गंगावेशीला जायची, ते दूध आणायला, असं करीम समजत होता. संध्याकाळी स्टुडिओत गिऱ्हाईक असायचं, त्यामुळं तो कधी बरोबर गेला नाही. आणि ही बया तिथं उभं राहून पेलाभर धारोष्ण दूध पीत होती, आणि खदखदून हसत होती, एका परक्या माणसाच्या मोबाईलपुढं.

माझ्यापुढं का नाही हसलीस? हे त्याला इतकं मोठ्यानं वाटलं की त्यानं दाराकडं बघितलं. मग एक घाण विचार मनात येऊन गेला. आला तसा त्यानं हाकलला, पण येऊन गेला हे खरं. त्याची त्यालाच शरम वाटली, आणि शरमेचाही राग कृष्णातवरच निघाला. माणसं नेली, पेठ नेली, पोरगी नेली, आता हिलाही नेलंस होय?

त्या दिवशी त्यानं शटर अर्धं खाली ओढलं. कपाटातून जपून ठेवलेला कागद काढला, जो त्यानं स्वतःच्या प्रदर्शनासाठी म्हणून कधीतरी घेतला होता. पहिली प्रिंट जरा गडद आली, ती फाडली. दुसरी बरोबर आली. कुठंही हात लावला नाही. ना शिंगाला, ना पिशवीला, ना दाताला. फ्रेमही घातली. मग ती फ्रेम वर्तमानपत्रात गुंडाळून काउंटरच्या मागं, भिंतीकडं तोंड करून ठेवली.

माझी बायको आहे, तो स्वतःशी म्हणाला. मी कुणाला दाखवणार नाही.

कृष्णात फ्रेम न्यायला आला तेव्हा तेवीसच होत्या. त्यानं रिक्षात ठेवताना एकेक मोजली. बावीस, तेवीस. पुढं हात हवेतच थांबला. करीम काउंटरवरची काच पुसत होता, ती आधीच स्वच्छ होती.

"बरं," कृष्णात म्हणाला. "लई झकास झाल्यात करीमभाई." आणि रिक्षा निघून गेली.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी प्रदर्शन उघडलं. करीम जाणार नव्हता. नऊ वाजता जाणार नव्हता, साडेनऊला जाणार नव्हता, दहाला इस्त्रीचा शर्ट घालून निघाला. आपल्या प्रिंटा भिंतीवर कशा दिसतात तेवढं बघायचं आणि परत यायचं. कुणी म्हणालंच की प्रिंट काय काढलीय, तर ऐकून घ्यायचं.

हॉल भरला होता. पाडव्याला म्हशी नटवून मिरवायच्या म्हणून शिंगांचा रंग हाताला लागलेले गवळी होते, त्यांच्या बायका होत्या, तालमीतले पैलवान होते. केरबा स्वतःच्या फोटोपुढं उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला तो कोण आहे ते सांगत होता. प्रिंटेबद्दल कुणी काही बोलत नव्हतं. प्रिंट चांगली असली की ती दिसतच नाही, हे करीमला माहीत होतं. तरी डाचलं.

तेवढ्यात हंबीररावांचा आवाज हॉलभर घुमला. "सतरा नंबर कुठाय?"

पंधरा, सोळा, आणि मग नुसता खिळा. त्याच्या खाली मजकुराची पट्टी मात्र चिकटवलेली. मास्तरांनी चोवीसच्या चोवीस पट्ट्या आदल्या दिवशीच नंबरवार चिकटवून टाकल्या होत्या, फ्रेमा पोरांनी सकाळी टांगल्या. लोक रिकाम्या खिळ्याकडं बघत होते.  आता कृष्णात बोलणार. करीमभाईंनी दिलाच नाही, असं म्हणणार, आणि पेठेत तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

"माझ्याकडनंच फाईल खराब गेली, सर," कृष्णात म्हणाला. "करीमभाई तरी काय करतील? थांबा, पट्टी काढतो मी."

करीमला वाटलं, ह्यापेक्षा त्यानं शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चांगुलपणातही हा पुढंच का? कृष्णात पट्टीचं टोक नखानं उचलत होता.

"थांब," करीम म्हणाला. "वाचू दे."

"करीमभाई, राहू द्या."

"वाचू दे म्हटलं न्हवं."

कृष्णात बाजूला झाला. करीमनं चष्मा पुसला आणि वाचायला लागला.

'सुलतानबी भाभी. घरात सांगितलंय, दुधाचा वास येतोय. म्हणजे त्यांच्या वाटणीचं पोरीला आणि नवऱ्याला. हितं आठवड्यातनं एकदा पेलाभर पित्यात. फोटो काढू का म्हटलं तर म्हणाल्या, काढ, पण तोंड मिट म्हणू नको. आमच्या घरातला फोटोवाला तेच म्हणतोय. त्याला वाटतंय मला दाताची लाज वाटतीया. लाज त्यालाच वाटतीया, त्याच्या हातनं तुटला म्हणून. त्याला बरं वाटावं म्हणून मी आपली मिटते.'

करीमनं एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायला गेला तर अक्षरं हलायला लागली. सगळं ठाऊक होतं तिला. तीस-बत्तीस वर्षं तो तिची लाज झाकत होता, आणि ती त्याची.

"हे मला आधी का न्हाय सांगितलंस?" त्यानं विचारलं. आवाज चढवायचा होता, चढला नाही.

"भाभींनी मोबाईलवर टाकू नको म्हटलंतं," कृष्णात हळू म्हणाला. "कागदावर काढून लाव कधीतरी, म्हणाल्या. आमचा माणूस कागदच बघतोय. म्हणून तुमच्याकडंच दिला. नको असंल तर तुमी काढणार न्हाय, हे धरूनच."

करीम वळला आणि हॉलच्या बाहेर पडला. हंबीरराव मागून हाका मारत होते. लोकांना वाटलं, रुसून गेला. स्टुडिओ पाच मिनिटांवर. शटर वर केलं, काउंटरच्या मागची फ्रेम काढली, वर्तमानपत्र तिथंच टाकलं आणि फ्रेम छातीशी धरून भर बाजारातून, दिवाळीच्या गर्दीतून परत आला. कुणाचा धक्का लागला तर त्याच्यावर डोळे वटारत आला.

खिळ्याला फ्रेम त्यानं स्वतः लावली.

 मग बायका पुढं सरकल्या. सुलतानबीला ओळखणाऱ्या त्यात बऱ्याच होत्या. एकीनं पदर डोळ्याला लावला, दुसरी हसायला लागली, कारण त्या फोटोपुढं न हसता उभं राहणं अवघड होतं. "अशीच हसायची बाई," कुणीतरी म्हणालं. "बोळात आवाज यायचा."

म्हणजे सगळ्यांना माहीत होतं. बोळातल्या बायकांनाही. करीमची जळजळ गेली म्हणता? छे. ती आत्ता कुठं नीट पेटली होती. तिच्या हसण्याचा आवाज ऐकलेल्या प्रत्येक माणसाचा त्याला हेवा वाटत होता. दूध देणाऱ्याचा, म्हशीचा, त्या अर्ध्या पिशवीच्या मालकाचासुद्धा.

हंबीरराव चष्मा वर करून फोटोच्या अगदी जवळ गेले. दात, फेस, गळ्यावरची सुरकुती, सगळं बघितलं, खालची पट्टी तेवढी वाचली नाही, आणि करीमकडं वळले. सगळा हॉल ऐकत होता.

"हे काम वेगळंच हाय करीमभाई. असा फोटो घरचाच माणूस काढतोय. कृष्णातची फाईल तर खराब गेली म्हणं, मग ह्यो तुम्ही काढलाय व्हय?"

करीमनं कृष्णातकडं बघितलं. कृष्णात खाली बघत होता. तो काही बोलणार नव्हता, हे स्पष्ट दिसत होतं. मघाशी एक खोटं त्यानं पचवलं होतं, हेही पचवलं असतं. नुसतं 'व्हय' म्हणायचं होतं. एक शब्द, आणि पस्तीस वर्षांत काढता न आलेला फोटो त्याच्या नावावर लागला असता. तो शब्द करीमच्या जिभेवर आला होता, हे नाकारण्यात अर्थ नाही.

"न्हाय," तो म्हणाला. "कृष्णातनं काढलाय. मी काढला असता तर तिनं तोंड मिटलं असतं."

मग फ्रेम जरा तिरकी लागली होती ती त्यानं बोटानं सरळ केली, आणि मागच्या लोकांना दिसावं म्हणून बाजूला झाला.